शुगर लिहिली म्हणून पॉलिसी नाकारली

प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, राहणार इंदिरानगर, नाशिक. पुण्यातली नोकरी सोडून आता घरून भाषांतराची आणि सबटायटलची कामं. २०२२ मध्ये शुगर निघाली, रोज दोन गोळ्या, बीपी नाही. आरोग्य विम्यासाठी ऑनलाइन अर्ज केला, तर एका कंपनीनं सरळ नकार कळवला. दुसरीनं ३५ टक्के जास्त प्रीमियम आणि शुगरसाठी तीन वर्षं थांबायची अट घालून पॉलिसी देऊ केली. ओळखीचे एजंट म्हणतात, 'फॉर्मवर शुगर लिहूच नका, पाच वर्षं झाली की कुणी विचारत नाही.' सोबत ७२ वर्षांची आई. काय करावं?

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. दुसऱ्या कंपनीची ऑफर अजून चालू असेल आणि पॉलिसीच्या बाकी अटी ठीक असतील, तर ती घ्या. ३५ टक्के जास्त द्यावे लागतायत याचं वाईट वाटणं साहजिक आहे, तरी घ्या. आणि त्या एजंटांकडे चहा प्यायला जा, फॉर्म भरायला जाऊ नका.

मी आठ वर्षं एका टीपीएमध्ये क्लेमच्या फायली तपासत होतो. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं हॉस्पिटलची बिलं आणि कागद तपासणारी संस्था. त्यानंतर कॅनडा कॉर्नरजवळ छोटं ऑफिस टाकलं आणि तेव्हापासून पॉलिसी विकतोय. म्हणजे क्लेम कसा नाकारतात हे मी आधी शिकलो, पॉलिसी विकायला नंतर. खाली लिहितोय ते त्या उलट्या क्रमामुळे.

एजंटांचं पाच वर्षांचं गणित हवेतलं नाही. २०२४ च्या नियमांनुसार आरोग्य पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, की 'तुम्ही अमुक माहिती दिली नव्हती' असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. आधी ही मुदत आठ वर्षं होती. पण त्याच वाक्यात एक अपवाद आहे: फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण मिळत नाही. रोज दोन गोळ्या घेणाऱ्या माणसानं 'मधुमेह आहे का?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं, तर ते विसरून झालं असं कोण मानणार? आणि मुळात ती पाच वर्षं काढायची कशी? अपेंडिक्स कॅलेंडर बघून दुखत नाही.

शुगर लपत का नाही, ते सांगतो. पेशंट दाखल होतो तेव्हा कॅज्युअल्टीतला निवासी डॉक्टर नातेवाइकांना विचारतो, 'आधीपासून काही आहे का?' घाबरलेला माणूस तिथे खरंच बोलतो, आणि बोलायलाच हवं, कारण भूल द्यायची असते. मग केसपेपरवर एक ओळ उमटते: 'के/सी/ओ डीएम, चार वर्षं'. म्हणजे मधुमेह माहीत असलेला पेशंट. टीपीएत असताना फाइल हातात आली की आम्ही बिलाकडे नंतर बघायचो, आधी ही ओळ शोधायचो. माझ्याकडे आलेल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचा क्लेम त्याच्या मेव्हण्याच्या एका वाक्यावर गेला. भाबडेपणानं तो म्हणाला होता, 'दाजींना शुगर तर दहा वर्षांपासून आहे.' पॉलिसी होती दोन वर्षांची. मुळात शुगर चारच वर्षांपूर्वी निघाली होती, पण फॉर्मवर तीही नव्हती, त्यामुळे दहा की चार हा वाद घालायलाही जागा उरली नाही.

एक माझीही चूक कबूल करतो. धंद्यात नवीन असताना मी एका किराणा दुकानदाराच्या फॉर्मवर बीपी लिहिलं नाही. त्यानंच सांगितलं होतं, 'अर्धीच गोळी आहे हो, कशाला लिहिता.' मलाही पॉलिसी हवी होती. दीड वर्षानं त्याला अँजिओप्लास्टी करावी लागली, क्लेम गेला आणि पॉलिसीही रद्द झाली. त्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण पंचवटीत समोर दिसला की मी अजून रस्ता बदलतो. तेव्हापासून माझ्याकडे अर्धी गोळीसुद्धा लिहिली जाते.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून बघा. २००९ च्या प्रकरणात मेडिक्लेम घेताना मधुमेह आणि त्यातून झालेला किडनीचा आजार सांगितलेला नव्हता. कोर्टानं कंपनीचा नकार कायम ठेवला. २०२१ च्या प्रकरणात परदेश प्रवासाची पॉलिसी घेणाऱ्यानं मधुमेह आहे हे आधीच सांगितलं होतं. अमेरिकेत उतरताच त्याला हार्ट अटॅक आला आणि कंपनीनं पूर्वीच्या आजाराकडे बोट दाखवून पैसे नाकारले. तिथे कोर्ट कंपनीच्या विरोधात गेलं. प्रकृतीची कल्पना असूनही पॉलिसी दिलीत, आता मागे फिरता येणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. तेव्हा फॉर्मवर लिहिलेली शुगर उद्या तुमच्याच बाजूनं साक्ष देते.

आता ही तीन वर्षांची अट. पूर्वी ती चार वर्षांपर्यंत असायची. २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने. पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्या आजाराचं निदान झालं किंवा ज्यावर डॉक्टरांनी उपचार सुचवले वा केले, तो 'पूर्वीचा आजार'. तुमचं निदान २०२२ चं असलं तरी गोळ्या आजही चालू आहेत, म्हणून तो तसाच धरला जाणार. या तीन वर्षांत विमा कोरडाच, असा लोकांचा समज होतो आणि तो चुकीचा आहे. डेंग्यू झाला, द्वारका चौकात गाडीवरून पडून हात मोडला, तर शुगर आहे म्हणून ते क्लेम नाकारता येत नाहीत. अपघात पहिल्या दिवसापासून, बाकी आजार पहिले ३० दिवस सोडून. मोतीबिंदू, हर्निया, मूतखडा, गुडघा बदलणं अशांची वेगळी यादी असते, तिथे बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. अडतं ते शुगर आणि शुगरमधूनच उद्भवलेल्या गोष्टींवर: पायाची जखम चिघळणं, शुगर एकदम वाढून दाखल व्हावं लागणं, किडनी. हृदयाचा क्लेम या काळात आला तर भांडण होणार हे गृहीत धरा.

ही मोजणी पॉलिसी सुरू होईल त्या दिवसापासून. तुम्ही स्वस्त पॉलिसी शोधत एक वर्ष घालवलंत, तर तुमच्या शुगरला संरक्षण मिळायला एक वर्ष उशीर. मधुमेहींसाठीच काढलेल्या काही पॉलिसींमध्ये शुगर पहिल्या दिवसापासून किंवा बऱ्याच कमी मुदतीनंतर धरतात. त्यांचा प्रीमियम जास्त असतो आणि काहींत बिलाचा ठरावीक हिस्सा तुम्ही भरायचा असतो. तुमच्या वयाला, फक्त गोळ्यांवर असताना, माझं मत साध्या पॉलिसीकडे झुकतं. इन्सुलिन चालू असतं तर वेगळं सांगितलं असतं.

पैशांचं बघू. समजा मूळ प्रीमियम १६,००० आहे. ३५ टक्के लोडिंगचे, म्हणजे आजारामुळे वाढवलेल्या प्रीमियमचे, ५,६०० धरून झाले २१,६००. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. आधी याच पॉलिसीला २५,४८८ मोजावे लागले असते. म्हणजे ३,८८८ तिकडे वाचले, लोडिंगचा बराचसा भार त्यातच हलका झाला. आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरची आयकरातली वजावट (लोक तिला ८०डी म्हणतात) फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर तो विषय सोडून द्या.

पहिल्या कंपनीनं नकार का दिला असेल? तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये एचबीएवनसी ८.४ दिसतंय. हा आकडा साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगतो. पॉलिसी द्यायची की नाही हे ठरवणारा अंडररायटर तुम्हाला ओळखत नाही, त्याच्यापुढे एवढाच कागद असतो. प्रत्येक कंपनीची रेघ वेगळी. माझ्या अनुभवात सातच्या आसपास फारशी कटकट होत नाही, आठच्या वर गेलं आणि सोबत बीपी किंवा लघवीत प्रोटीन असलं की दारं लागतात. तुमच्या फाइलमध्ये ८.४ चा एकच रिपोर्ट आहे, तोही अकरा महिन्यांपूर्वीचा. त्यानंतर काही नाही. वाचणाऱ्याला वाटणार, ही बाई शुगर तपासतच नाही. खरं म्हणजे तुम्ही नियमित तपासता, पण घरच्या मशीनवर, आणि नोंद मोबाइलमध्ये. ती त्याला दिसायची कशी?

म्हणून दुसऱ्या कंपनीची ऑफर निघून गेली असेल, तर लगेच तिसऱ्या साइटवर अर्ज करू नका. फ्रीलान्स मंडळींची ही जुनी खोड आहे, रात्री अकरा वाजता लॅपटॉपवर पाच ठिकाणी फॉर्म भरून मोकळे. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर प्रश्न असतो, 'पूर्वी कोणी विमा नाकारला आहे का, जास्त प्रीमियम लावला आहे का?' आणि त्याचं उत्तर आता 'हो' आहे. हे 'हो'सुद्धा लिहायचंच. नकार लेखी आणि कारणासकट द्यावा लागतो, ते पत्र मागून ठेवा, पुढच्या अर्जाला जोडा. मग तीन महिने शांतपणे फाइल तयार करा: तुमच्या डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र (निदान कधीचं, गोळ्या कोणत्या, गुंतागुंत नाही), ताजं एचबीएवनसी, क्रिएटिनिन, लघवीतलं मायक्रोअल्ब्युमिन, ईसीजी, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. ही शेवटची कोणी करत नाही आणि तिचाच प्रभाव पडतो. हे कागद एखाद्या जाणत्या एजंटामार्फत अंडररायटरकडे आधी नुसतं मत विचारायला पाठवता येतात. अर्ज नाही, पैसे नाहीत, म्हणून नकाराची नोंदही नाही.

अर्ज केल्यावर मध्येच कंपनीच्या डॉक्टरचा फोन येतो. तो रेकॉर्ड होतो. लोक तेव्हा भाजी घेत असतात, मुलाला शाळेतून आणत असतात, आणि 'काही त्रास नाही ना?' या प्रश्नाला सवयीनं 'नाही नाही, सगळं छान' म्हणतात. फॉर्मवर लिहिलेलं खरं त्या एका वाक्यानं खोटं पडू शकतं. 'अर्ध्या तासानं करा' म्हणा, गोळ्यांची पट्टी समोर घेऊन बसा आणि मग बोला.

पॉलिसी हातात आली की तिच्यासोबत तुमच्या प्रपोजल फॉर्मची, म्हणजे भरलेल्या अर्जाची, प्रत येते. ती वाचा. एजंटानं किंवा साइटनं भलतंच काही टिक केलं असेल तर तिथे सापडेल. पसंत पडली नाही तर परत करायला ३० दिवस असतात. वाचताना आणखी एक गोष्ट बघा: खोलीभाड्याची मर्यादा. मर्यादा रोज ५,००० ची आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत, तर नुसते वरचे ३,००० कापून कंपनी थांबत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांचेही आठाला पाच या हिशेबानंच पैसे मिळतात. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तू यातून वगळलेल्या आहेत. तरी दोन लाखांच्या बिलात हा फरक चांगलाच दणका देतो. शक्यतो खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या.

'आरोग्य संजीवनी' घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. सगळ्या कंपन्यांत सारख्या अटी असलेली ही पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून आहे. पण ती मागेल त्याला मिळतेच असा जो समज पसरलाय तो खरा नाही, तिथेही अंडररायटर असतोच. शिवाय खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के आणि कमाल ५,०००, वर प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के तुमचे. बाकी काहीच मिळालं नाही तर घ्या.

कायमची वगळणूक हा शब्द कुठे दिसला तर मात्र थांबा. काही ठरावीक आजारांपुरती, म्हणजे अपस्मार, पक्षाघात, जुनाट किडनीविकार, यकृताचे जुनाट विकार वगैरे, तुमची संमती घेऊन कंपनीला तो आजार पॉलिसीतून कायमचा बाहेर ठेवता येतो. त्या यादीत मधुमेह नाही. कोणी तुमच्यापुढे तसला कागद ठेवला तर सही करू नका, मला फोन करा.

तुमच्या प्रश्नातली एक ओळ वाचून मी चुकचुकलो. 'नोकरी सोडली तेव्हा ग्रुप विमा आपोआप संपला.' ग्रुप विमा म्हणजे नोकरी देणाऱ्या कंपनीनं सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेला. तो संपू द्यायचा नव्हता. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षेच्या मोजणीत धरली जातात. तुम्ही तेव्हा ते केलं असतं तर शुगर निघाली त्या आधीच तुमची स्वतःची पॉलिसी असती, आणि आज हा प्रश्नच नसता. तुमचं होऊन गेलं. पण तुमच्या ओळखीत कोणी राजीनामा द्यायच्या बेतात असेल, तर त्याला नोटीस पिरियडमध्येच एचआरला गाठायला सांगा. शेवटच्या दिवशीचा केक कापून झाल्यावर कोणी फोन उचलत नाही.

फ्रीलान्सरचा खरा शत्रू पुढे येतो, तो म्हणजे नूतनीकरणाची तारीख. क्लायंटचे पैसे अडकलेले, त्यात प्रीमियम आला, 'पुढच्या महिन्यात भरू' म्हणत सवलतीचे दिवस निघून जातात. वार्षिक हप्त्याला ते ३० असतात, मासिकला १५. त्यानंतर सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून, आणि तेव्हा कदाचित तुमचं एचबीएवनसी नऊ असेल. वेळेवर भरत राहिलात तर क्लेम घेतला म्हणून किंवा तब्येत बिघडली म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. माझा एक ॲनिमेटर ग्राहक प्रत्येक बिलाचे पाच टक्के वेगळ्या खात्यात टाकतो आणि त्याला 'डॉक्टरचा डबा' म्हणतो. त्याच डब्यातून वर्षाचा प्रीमियम एकरकमी जातो. कंपनी बदलावीशी वाटली तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज करा. जुनी वर्षं सोबत येतात. मात्र नवी कंपनी नाही म्हणू शकते, म्हणून तिचा होकार येईपर्यंत जुनी सोडू नका.

पॉलिसी मिळेपर्यंतचं काय, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. तुमच्याकडे पांढरं रेशनकार्ड आहे म्हणालात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, पांढऱ्यालाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, यादीतल्या उपचारांसाठी, योजनेत असलेल्या रुग्णालयात, आणि पूर्वीचा आजार आहे म्हणून अडवत नाहीत. अजूनही 'ती पिवळ्या-केशरीवाल्यांची' असं समजून कॉलेज रोडवरची मंडळी तिच्याकडे बघत नाहीत. नाशिकमध्ये सिव्हिल आणि शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे, काही खाजगी रुग्णालयंही योजनेत आहेत. मात्र कोणतं रुग्णालय कोणत्या उपचाराला योजनेत आहे हे बदलत असतं, म्हणून दाखल होण्यापूर्वी १५५३८८ वर विचारा आणि तिथे गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा. रेशनकार्डवर तुमचं नाव आधारप्रमाणेच आहे का, तेही आत्ताच बघा. स्पेलिंगपायी लोक अडकतात.

उद्या पॉलिसी असताना क्लेम अन्यायानं नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकून निवाडा देणारा अधिकारी. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जावं लागतं. खरी माहिती लिहिलेल्या माणसाची फाइल घेऊन तिथे जायला मला कधी संकोच वाटला नाही.

राहिल्या आई. त्यांच्यासाठी ७२ व्या वर्षी नवी पॉलिसी शोधता येते, वयाची ६५ ची अट आता राहिलेली नाही, पण प्रीमियम ऐकून तुम्ही खुर्ची धराल. त्याआधी त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ते सरकारी आरोग्य योजनेचं आहे. सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही मिळतं, उत्पन्नाची अट नाही, प्रतीक्षा नाही, ५ लाखांचं संरक्षण. फक्त आधारवरची जन्मतारीख नीट तपासा. बऱ्याच जुन्या आधारवर नुसतं वर्ष असतं, आणि एका आजींचं तर चक्क त्यांच्या थोरल्या मुलाच्या जन्मवर्षाएवढं निघालं होतं. ती दुरुस्ती करायला आधार केंद्रावर दोन चकरा होतील असं धरून चला.